भिंतीवरची आवर्तसारणी: धातूंना रंग कुठपर्यंत आणि कशाच्या जोरावर?

रंगखडू (धागाकर्ता)

शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायचं ठरलं आहे. 20 सेंमीची चौकट धरली तर 18 गणांना (उभ्या रांगांना) 3.60 मीटर रुंदी लागते. उंची अशी: सात ओळींना 1.40 मीटर, खाली 10 सेंमीची मोकळी पट्टी, मग लँथॅनाइड-ॲक्टिनाइडच्या दोन ओळींना 40 सेंमी. एकूण 1.90 मीटर. भिंतीत सहज बसतं.

घोडं अडलंय ते रंगांवर. बाजारातले तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकात जस्त संक्रामक (मधल्या पट्ट्यातल्या धातूंपैकी), दुसऱ्यात वेगळ्याच रंगाचं. यट्रियमच्या खाली कुठे लँथॅनम, कुठे ल्युटेशियम, कुठे नुसतं '57-71'. पोलोनियम कधी धातू तर कधी धातुसदृश. एकदा रंगवलं की पुढची कित्येक वर्षं मुलं तेच बघणार, त्यामुळे आधी नीट ठरवू. धातूंची मांडणी नेमकी कशाच्या आधारावर रंगवावी?

धातुकर्मी

'धातू पिवळे, अधातू निळे' असा रंग देऊच नका. पाया खंडांचा ठेवा, म्हणजे शेवटचा इलेक्ट्रॉन कुठल्या उपकवचात बसतो त्यावरून पडलेल्या भागांचा: एस, पी, डी, एफ. चार खंड, चार रंग. चौकट कुठल्या खंडात बसते ते इलेक्ट्रॉन संरूपणावरून (कवचांतल्या मांडणीवरून) ठरतं आणि त्यावर भांडणं फार कमी आहेत. धातूपण मात्र कमीजास्त होणारा गुण आहे, तो रंगाने न दाखवता चौकटीच्या कडेने दाखवा. जाड काळी कड म्हणजे धातू, तुटक कड म्हणजे धातुसदृश, कड नाही म्हणजे अधातू.

आता हिशोब बघा. 118 चौकटींपैकी एस-खंडात 14, पी-खंडात 36, डी-खंडात 40 आणि एफ-खंडात 28. एस-खंडातून हायड्रोजन आणि हेलियम काढले की उरलेले 12 च्या 12 धातू. डी आणि एफ मिळून 68, सगळे धातू. पी-खंडात ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, थॅलियम, कथील, शिसे, बिस्मथ, पोलोनियम आणि कृत्रिम असलेले 113 ते 116 असे 12. एकूण 92. म्हणजे धातू-अधातू वेगळे करणाऱ्या नागमोडी रेषेवरून जो काही तंटा होतो, तो पी-खंडातल्या मूठभर चौकटींपुरता आहे. बाकी पाऊण सारणीत वाद धातू की अधातू हा नसून कुठला धातू कुणाच्या खाली, हा आहे.

धातू डावीकडे का, हे भिंतीवर एका बाणाने दाखवता येईल. सोडियमची अणुत्रिज्या 186 पिकोमीटर, मॅग्नेशियम 160, ॲल्युमिनियम 143. कवच तेच राहतं, केंद्रकात प्रोटॉन वाढत जातात, ओढ वाढते, अणू आक्रसतो. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 496 किलोजूल पुरतात, त्याच आवर्ताच्या टोकाला आर्गॉनला 1521 लागतात. गणात खाली गेलं की उलट: कवचं वाढतात, पकड सुटते, सीझियमला 376 किलोजूलच. दोन्ही कल एकत्र केले की धातूपणाची दिशा डावीकडे-खाली येते. नागमोडी रेषा आडवी किंवा उभी नसून तिरकी का, याचं उत्तर एवढंच.

एक बाण मात्र काढू नका: 'गणात खाली घनता वाढते'. पोटॅशियमची घनता 0.86 (ग्रॅम प्रति घनसेंमी), त्याच्या वरच्या सोडियमची 0.97. पहिल्याच गणात नियम मोडतो.

अणुरेणू

खंडाप्रमाणे रंग याला अनुमोदन. तिरक्या रेषेत थोडी भर.

सारणीत फक्त उभे नातेवाईक नसतात, तिरकेही असतात. लिथियमचं वागणं कैक बाबतींत सोडियमपेक्षा मॅग्नेशियमशी जुळतं: दोघं नायट्रोजनशी थेट संयोग पावून नायट्राइड देतात, दोघांची कार्बोनेटं तापवल्यावर फुटतात (सोडियम कार्बोनेट साध्या बर्नरवर ढिम्म हलत नाही). बेरिलियम आणि ॲल्युमिनियमचंही तसंच. दोघांची ऑक्साइडं आम्लातही विरघळतात आणि तीव्र अल्कातही. खाली गेल्यावर त्रिज्या जेवढी वाढते, तेवढीच जवळजवळ उजवीकडे सरकल्यावर घटते, म्हणून तिरक्या शेजाऱ्यांची प्रभार-आकार जोडी जुळते. दोन पातळ पांढऱ्या तिरक्या रेघा मारा, काम होईल.

सीमेवरच्यांबद्दल माझं मत: बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम या सहांना तुटक कड. पोलोनियम धातूच. तापमान वाढलं की त्याची विद्युतवाहकता कमी होते, हे धातूचं लक्षण. त्याला धातुसदृशांत बसवायची सवय निव्वळ रेषेला खेटून असल्यामुळे लागली आहे. ॲस्टेटिन, टेनेसीन, ओगॅनेसॉन या तिघांना प्रश्नचिन्ह.

कथिलाला मात्र जाड कड देऊन थांबू नका, एक खूण करा. पांढरं कथील धातू, घनता 7.29. ते 13.2 अंश सेल्सियसखाली राखाडी रूपात जाऊ शकतं. त्याची घनता 5.77, रचना हिऱ्यासारखी, वागणूक अर्धवाहकाची. एकच मूलद्रव्य रेषेच्या दोन्ही बाजूंना उभं. (आपल्याकडच्या हवेत हे होत नाही, बऱ्यापैकी उणे तापमानात बराच काळ ठेवलं आणि कथील शुद्ध असलं तरच वेग येतो. थोडं बिस्मथ किंवा अँटिमनी मिसळलं की रूपांतर अडतं.)

रंगखडू

कडेची कल्पना पटली. मग गण 12 चं काय? जस्त, कॅडमियम, पारा डी-खंडात म्हणून रंग तोच, पण वर 'संक्रामक मूलद्रव्ये' असा कंस काढला तर तो 3 ते 12 की 3 ते 11?

जस्तवाला

कंस 3 ते 11 आणि 12 वर वेगळी आखूड रेघ. आयन तयार होताना डी-उपकवच अपूर्ण राहणं ही संक्रामकाची व्याख्या धरली, तर जस्ताचा दोन धनप्रभारी आयन त्यात बसत नाही. त्याच्या डी-उपकवचातले दहाच्या दहा इलेक्ट्रॉन जागेवर असतात. आययूपीएसी (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) 12 वा गण धरण्याची मुभाही देते, म्हणून पुस्तकात 3 ते 12 दिसलं तर ते चूक म्हणून खोडू नका.

पण व्याख्येपेक्षा धातूंचं वागणंच जास्त बोलतं. शेजारचं तांबं 1085 अंशांना वितळतं, जस्त 419.5 ला. बंध धरायला डी-इलेक्ट्रॉन पुढे येत नाहीत, म्हणून या गणाचे तिन्ही धातू सैल. उत्कलनांक बघा: जस्त 907, कॅडमियम 767, पारा 357. तिन्ही ऊर्ध्वपातनाने मिळवता येतात, आणि हाच जस्ताच्या इतिहासातला पेच होता. कोळशाने जस्ताच्या ऑक्साइडचं क्षपण करायला (ऑक्सिजन काढून घ्यायला) हजार अंशांच्या वर जावं लागतं, म्हणजे धातू जन्मतः वाफ असतो. उघड्या भट्टीत ती वाफ हवेला लागून पुन्हा पांढरी राख होते. उदयपूरजवळच्या जावरला मातीच्या बंद मुशी उलट्या टांगून, तोंड खाली ठेवून, वाफ थंड कप्प्यात उतरवायची युक्ती होती. तिथे शेकडो वर्षं जस्त निघालं.

आजच्या कारखान्यात खरी डोकेदुखी सारणीतल्या शेजाऱ्यांची असते. जस्ताच्या सल्फाइड खनिजात कॅडमियम जवळजवळ ठरलेलं, शिवाय गॅलियम, जर्मेनियम, इंडियम अंशरूपाने. क्रम असा: 900 ते 950 अंशांना भाजणी, सल्फ्युरिक आम्लात निक्षालन (जस्त विरघळवून घेणं), लोह साक्याच्या रूपात खाली बसवून बाजूला, मग द्रावणात जस्ताची भुकटी. भुकटीमुळे तांबं आणि कॅडमियम सहज खाली बसतात, कारण ते जस्तापेक्षा कमी क्रियाशील. कोबाल्ट आणि निकेलही कमी क्रियाशील, तरी कोबाल्ट थंड द्रावणात हटत नाही. त्याला 75 अंशांच्या वरचं तापमान आणि चिमूटभर अँटिमनी किंवा आर्सेनिकचं संयुग लागतं.

हे नीट झालं नाही तर पुढे वीज सोडून द्रावणातून जस्त काढतात त्या विद्युत अपघटनाच्या टाकीत कळतं. जस्त हे हायड्रोजनपेक्षा क्रियाशील, म्हणजे पुस्तकी हिशोबाने ॲल्युमिनियमच्या ऋणाग्रावर आधी हायड्रोजन सुटायला हवा. तो सुटत नाही, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजनला जादा विभव (व्होल्टेज) लागतं. जर्मेनियम किंवा अँटिमनीचे कण त्यावर बसले की तेवढ्या जागी हे संरक्षण संपतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात, बसलेलं जस्त परत विरघळतं आणि पत्र्याला भोकं पडतात. लिटरला मिलिग्रॅमच्या अंशाएवढं जर्मेनियमही पुरतं.

नवसागर

पाऱ्याबद्दल एक ओळ भिंतीवर हवीच: द्रवणांक उणे 38.83. अणुअंक 80 झाल्यावर आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, सापेक्षतेमुळे सहाव्या कवचातलं एस-उपकवच आक्रसतं आणि ती जोडी केंद्रकाला घट्ट चिकटते, शेजारच्या अणूशी बंध धरायला तयार नसते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार हा परिणाम वगळला तर पाऱ्याचा द्रवणांक सुमारे 100 अंशांनी वर गेला असता. शिसं 4 ऐवजी 2, थॅलियम 3 ऐवजी 1 ही संयुजा पसंत करतात, त्यातही याच आक्रसण्याचा हात आहे.

वाळूचा कण

कुणी गण 4 कडे बघणार आहे का? धातूंची मांडणी समजून घ्यायची तर माझ्या मते सगळ्यात चांगली जागा तीच: टायटेनियम, झिर्कोनियम, हाफ्नियम.

एरवी गणात खाली गेलं की अणू मोठा होतो. टायटेनियम 147 पिकोमीटर, झिर्कोनियम 160, आणि हाफ्नियम 159. वाढ थांबली. कारण या दोन ओळींच्या मध्ये 14 लँथॅनाइड घुसले आहेत. एफ-इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत, प्रत्येक पावलाला अणू थोडा आक्रसतो आणि हाफ्नियमपर्यंत एका अख्ख्या कवचाची वाढ खाऊन टाकली जाते. परिणामी दोन जुळे, आकार तोच, संयुजा तीच, रसायन जवळजवळ तेच. वजन मात्र दुप्पट: घनता 6.5 आणि 13.3.

72 क्रमांकाची चौकट रिकामी आहे हे भौतिकशास्त्रज्ञ मोझलीच्या 1913 च्या क्ष-किरण कामावरून कळलं होतं. पण तिथला रहिवासी दुर्मीळ मृदा (लँथॅनाइडांच्या कुळातला) आहे असं धरून बरेच जण त्या खनिजांत शोधत राहिले. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरचा इलेक्ट्रॉन कवचांचा हिशोब म्हणत होता की एफ-खंड 71 ला भरला, 72 वा झिर्कोनियमचा भाऊ असला पाहिजे. कॉस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनला झिर्कोनियमची खनिजं क्ष-किरणाखाली घातली आणि 1923 च्या सुरुवातीला तो त्यांत सापडला. चौकट आधी बरोबर लावली, म्हणून धातू सापडला.

हाच सारखेपणा अणुभट्टीत नडतो. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही (न्यूट्रॉन गिळण्याचं माप, म्हणजे ग्रहणछेद, 0.18 बार्न), हाफ्नियम शेकडो पटींनी गिळतं (सुमारे 104). तारापूरसारख्या अणुभट्ट्यांत इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या संमिश्राच्या असतात, आणि निसर्गातल्या झिर्कॉन वाळूत झिर्कोनियमच्या दोनेक टक्के हाफ्नियम येतंच. ते दशलक्षात 100 भागांच्या खाली आणावं लागतं. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये वापरला जाणारा मार्ग थोडक्यात: वाळू दळून कॉस्टिक सोड्याबरोबर वितळवायची, धुऊन सिलिकेट काढायचं, उरलेलं नायट्रिक आम्लात विरघळवायचं. हे द्रावण ट्रायब्युटाइल फॉस्फेट आणि केरोसीनच्या मिश्रणाबरोबर टप्प्याटप्प्याने घुसळलं की झिर्कोनियम वरच्या सेंद्रिय थरात जातं, हाफ्नियम खाली पाण्यात राहतं. फरक एकेका टप्प्यात पुरेसा पडत नाही म्हणून टप्पे अनेक. त्यानंतर अमोनियाने हायड्रॉक्साइड, भाजून ऑक्साइड, कोळसा आणि क्लोरीन देऊन टेट्राक्लोराइड, आणि शेवटी आर्गॉनच्या बंद भांड्यात वितळलेल्या मॅग्नेशियमने क्षपण. उरलेलं मॅग्नेशियम क्लोराइड निर्वातात तापवून उडवतात तेव्हा स्पंज धातू हाती येतो. सिलिका नीट धुतली गेली नाही तर घुसळताना दोन थरांच्या मध्ये चिकट साका धरतो आणि थर सुटतच नाहीत. मॅग्नेशियमच्या वेळी हवा शिरली तर झिर्कोनियम ऑक्सिजन-नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. त्याची नळी ओढता येत नाही.

काढून टाकलेलं हाफ्नियम वाया जात नाही. न्यूट्रॉन गिळतं, म्हणून तेच नियंत्रक दांड्यांना चालतं.

अवांतर: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत जे इल्मेनाइट आहे, ते याच गणातल्या टायटेनियमचं खनिज. टायटेनियम या जुळ्यांत येत नाही, आकाराने बराच लहान आहे.

अणुरेणू

जबरदस्त. हेच जुळेपण उजवीकडेही जातं: नायोबियम-टँटलम, मॉलिब्डेनम-टंगस्टन, पार चांदी-सोन्यापर्यंत (दोघं 144 पिकोमीटर). रंगखडू, डी-खंडाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतल्या चौकटींमध्ये '=' अशी छोटी पांढरी खूण करा, गण 4, 5 आणि 6 पुरती.

आणि यावरून गण 3 चा निकालही लागतो. हाफ्नियम झिर्कोनियमएवढं झालं ते लँथॅनाइड संपल्यावर. यट्रियमच्या खाली ल्युटेशियम ठेवलं तर एफ-खंडात 57 ते 70 असे बरोबर 14 उरतात आणि डी-खंड सलग राहतो. लँथॅनम ठेवलं तर डी-खंडाची पहिली चौकट एकीकडे आणि बाकीच्या नऊ चौदा घरं ओलांडून पलीकडे. आयनांची त्रिज्याही सांगते: यट्रियम 90 पिकोमीटर, ल्युटेशियम 86, लँथॅनम 103. आययूपीएसीचा 2021 चा अंतरिम अहवालही ल्युटेशियमच्या बाजूला झुकतो, पण अंतिम शिक्का नाही.

धातुकर्मी

ल्युटेशियमला सहमत, फक्त एक अडचण. परीक्षेत मुलांना लँथॅनाइड 57 ते 71 असे पंधरा सांगायचे असतात. म्हणून खालच्या ओळीत पंधराही चौकटी काढा, एफ-खंडाचा रंग पहिल्या चौदांना आणि ल्युटेशियम-लॉरेन्सियमला डी-खंडाचा रंग. वर यट्रियमच्या खाली '57-71' आणि '89-103' लिहून डी-खंडाचाच रंग द्या. पुस्तकही सांभाळलं आणि खंडही.

ॲक्टिनाइड खाली काढणं हेही आपोआप आलेलं नाही. 1940 च्या दशकाआधीच्या तक्त्यांत थोरियम हाफ्नियमखाली आणि युरेनियम टंगस्टनखाली दिसतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सीबोर्गने दुसऱ्या एफ-ओळीची कल्पना मांडली तेव्हा ते खाली आले. जुने तक्ते बघून रंगवणाऱ्यांनी सावध.

नवसागर

लँथॅनाइडांत युरोपियम आणि इटर्बियमला टिंब करा. बाकीचे तीन इलेक्ट्रॉन बंधासाठी देतात, हे दोघं दोनच. एफ-उपकवच अर्धं किंवा पूर्ण भरलेलं ठेवायचं असतं. म्हणून युरोपियमची घनता 5.24, शेजारच्या गॅडोलिनियमची 7.90. युरोपियमला वेगळं काढतात तेही याच जोरावर, जस्ताने दोन प्रभारावर आणून.

रंगखडू

भरपूर मिळालं. आता एक व्यवहारी प्रश्न: काही चौकटींत खऱ्या धातूचा तुकडा लावायचा आहे. काय लावावं, काय नको?

जस्तवाला

चालेल: मॅग्नेशियमची फीत, ॲल्युमिनियमचं जुनं पाच पैशांचं नाणं (त्यात थोडं मॅग्नेशियम असतं, तसं लिहा), लोखंडी खिळा, तांब्याची तार, कल्हईवाल्याकडचं कथील, जुन्या बल्बची टंगस्टनची तार (बल्ब जाड कापडात गुंडाळून फोडा, गॉगल घाला). निकेलला 1950 चा रुपया, चुंबकाला चिकटतो. आजची एक-दोन रुपयांची नाणी निकेल म्हणून लावू नका, ती लोह-क्रोमियमची आहेत.

जस्तासाठी साध्या कार्बन-झिंक सेलचं कवच. हातमोजे घालून कापा, काळा लगदा पुसून धुवा. अल्कलाइन सेल कापू नका. त्यात जस्त भुकटी असतं आणि सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ते त्वचा भाजतं.

नकोच: शिसं, पारा, कॅडमियम, आणि बॅटरी फोडून काढलेलं लिथियम. सोडियम काचेच्या बंद बाटलीत रॉकेलमध्ये ठेवतात तेही व्हरांड्यात नको. गॅलियम 29.76 अंशांना वितळतं, म्हणजे एप्रिलमध्ये आपोआप ओघळणार. गोठताना फुगून काच फोडतं आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीला लागलं तर ती हाताने मोडेल इतकी ठिसूळ करतं.

चिकटवायला सिलिकॉन सीलंट घ्याल ते 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या. व्हिनेगरचा वास येणारं सीलंट सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं. तांब्यावर हिरवं, लोखंडावर तांबूस आणि जस्तावर पांढरं धरतं. तुकडे एकमेकांना किंवा एकाच धातूच्या पट्टीला टेकू देऊ नका, पावसाळी हवेत तांब्याला टेकलेलं ॲल्युमिनियम आधी गंजतं. ॲक्रिलिकच्या तुकड्यावर प्रत्येक वेगळा बसवा. खिळ्याला आधीच पारदर्शक लॅकरचा हात.

धातुकर्मी

रंगाचा अंदाज: डी-खंड 40 चौकटी म्हणजे 1.6 चौरस मीटर, दोन हात धरून 3.2. लिटरला दहा चौरस मीटरच्या हिशोबाने 320 मिली. पी-खंडाला 290, एफला 225, एसला 115 मिली, आणि यट्रियमखालच्या दोन आकड्यांच्या चौकटींमुळे डीच्या रंगात आणखी 16. प्रत्येकी थोडा जास्त कालवून ठेवा, तोच रंग पुन्हा जमत नाही. प्राइमर पूर्ण वाळला नसेल तर चिकटपट्टी काढताना पोपडे येतात. पट्टी दुसरा हात ओला असतानाच सोलायची.

संज्ञा लिहिणाऱ्या पेंटरला एक गोष्ट बजावा: दुसरं अक्षर लहान लिपीतच. कोबाल्टचं दुसरं अक्षर मोठं काढलं की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि भिंतभर कॅपिटल अक्षरं काढायची पेंटरांना सवयच असते. पेन्सिलीने सगळ्या 118 संज्ञा लिहून झाल्या की रसायनाच्या शिक्षकांकडून तपासून घ्या, मगच ब्रश.

रंगखडू

113 ते 118 ची नावं जुन्या स्टेन्सिलमध्ये नाहीत. तीन अक्षरी तात्पुरत्या संज्ञा आहेत.

अणुरेणू

त्या टाकून द्या. 2016 पासून निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगॅनेसॉन ही नावं कायम झाली. 114 फ्लेरोव्हियम आणि 116 लिव्हरमोरियम 2012 पासून. चारही धातूंना, म्हणजे 113 ते 116 ना, जाड कड बारीक रेघारेघांची करा. त्यांचं धातूपण अंदाजावर आहे. आजवर जे बनले ते मोजके अणू, आणि तेही थोड्याच वेळात विघटन पावणारे.